तिसऱ्या पिलाचा पाय

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जुन्या वस्तू आपली हकीकत सांगायला बसल्या की आपण लोकांच्या किती उपयोगी पडलो, हेच बहुधा सांगतात. मलाही तसे सांगता आले असते. मी काढलेल्या एका फोटोला पहिले बक्षीस मिळाले आहे. तो फोटो आजही एका दाताच्या दवाखान्यात भिंतीवर आहे आणि लोक त्याच्याकडे बघून "वा, काय टिपलंय" म्हणतात. पण तो कसा निघाला हे त्यांना माहीत नाही. ज्यांना माहीत होते त्यांचे कोणी ऐकले नाही. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणसुद्धा चालत नसे. डोक्याला टोपी आणि तोंडाला पट्टी बांधलेल्या बायका दिवसभर मान खाली घालून काम करत. माझी लांब नळी जोडून झाल्यावर त्यांतल्या एकीने मला उजेडासमोर धरले, दोनदा फिरवून बघितले आणि पुढच्या बाईकडे सरकवले. तिने मला परत केले नाही, यातच मला धन्य वाटले. मग खोक्यात अंधार, मग दुकानाची काच, आणि काचेपलीकडून नाक लावून बघणारी माणसे.

मला विकत घेतले ताईंनी. ताई एका इस्पितळात एक्स-रे काढायच्या. लग्न केले नव्हते. धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर होता आणि त्याच्याच घरी त्या राहत. खरे तर घर दोघांचे होते. खाली पुढच्या बाजूला दवाखाना, मागे स्वयंपाकघर, वर तीन खोल्या. मागच्या खोलीत ताई. त्यांच्या खिडकीखाली फरसबंद अंगण आणि अंगणाच्या कडेने बाग. जास्वंद, लिंबू, पेरू, सगळे ताईंच्या हातचे. पेरूखाली एक पसरट मातीचे भांडे होते. त्यात पाणी भरल्याशिवाय ताई सकाळी चहा घेत नसत.

सुट्टीच्या दिवशी त्या मला खिडकीच्या चौकटीवर ठेवून बसत. पाण्यावर कोण येईल ते येईल. कधी बुलबुल, कधी दयाळ, कधी इवलासा शिंपी. डॉक्टर खालून विचारायचे, "ताई, दोन तास बसून काय मिळालं?"

"शेपटी."

"नुसती शेपटी?"

"त्याची शेपटी आहे. त्याला वाटली तेवढी दिली."

सगळे हसायचे. डॉक्टरांची बायको, जिला सगळा शेजार वहिनी म्हणत असे, ती तर पोट धरून हसायची. एकदा तिने विचारले, "वन्सं, दिवसभर मशीनपुढे असता. घरी येऊन पुन्हा मशीनच कशाला?"

ताई म्हणाल्या, "तिथे दिवसभर माणसांचं काय काय मोडलंय ते बघते. घरी तरी जे धड आहे ते बघू दे."

त्यांचा एकच नियम होता. झाडावर घरटे दिसले की त्या झाडाकडे मला वळवायचे नाही. जास्वंदीत बुलबुलाने घरटे केले त्या वर्षी त्यांनी खिडकीची त्या बाजूची झडप महिनाभर लावून ठेवली होती. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. माझ्या नळीला एवढे लांबचे दिसते, मग ते वापरू का देत नाहीत, असे मला वाटे. मी मूर्ख होतो.

एका सकाळी ताई इस्पितळातच कोसळल्या. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणेही गेले. डोके शाबूत होते. डोळे तर पहिल्यापेक्षा जास्त लखलखीत. पण तोंडातून शब्दाऐवजी त्याचा पहिला तुकडा बाहेर पडे आणि तिथेच अडकून बसे. त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून खिडकीपाशी ठेवत. दिवसभरासाठी एक मावशी ठेवली होती. ती भरवायची, पुसायची आणि उरलेल्या वेळात कानात वायरी घालून गाणी ऐकायची.

मी वर्षभर कपाटात होतो. मग एक दिवस डॉक्टरांनी मला बाहेर काढले. "पडून राहिला तर काचेला बुरशी धरेल," ते ताईंना म्हणाले. "मी वापरतो. चालेल ना?"

ताईंनी मान हलवली. त्यांना आनंद झाला होता. मलाही झाला.

डॉक्टरांविषयी तुमचा गैरसमज नको. ते आरडाओरडा करणारे, मारझोड करणारे गृहस्थ नव्हते. त्यांचा हात फार हलका आहे, असे पेशंट म्हणत. रडणाऱ्या पोरांनासुद्धा ते गोड बोलून तोंड उघडायला लावत. सुरुवातीला ते ताईंसारखेच बसले. पण ते गावातल्या छायाचित्र मंडळाचे सभासद झाले आणि तिथे त्यांनी पहिला फोटो दाखवला, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "बरा आहे. पण पक्षी फार लांब आहे हो."

तेवढे एक वाक्य त्यांच्या मनात दातातल्या कणासारखे अडकून बसले.

त्या वर्षी बागेत दयाळाची जोडी होती. नर पेरूच्या शेंड्यावर बसून पहाटे गायचा. डॉक्टरांनी फोनवर दुसऱ्या दयाळाचा आवाज मिळवला आणि तो फोन झुडपात लपवून लावला. दयाळाला वाटले, आपल्या जागेत कोणी घुसले. तो खाली झेपावला. शत्रू दिसेना, आवाज थांबेना. तो फुगून फुगून त्या झुडपाभोवती घिरट्या घालत राहिला. मी त्याला पाच हातांवरून टिपला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पेशंटला दात दाखवायचा हातातला आरसा आणून फांदीला टेकवला. आता शत्रू दिसू लागला. दयाळ तीन दिवस त्या काचेवर चोच मारत होता. पिसे उभी, पंख पसरलेले, डोळ्यांत अंगार. फोटो अप्रतिम आले. आरशावर लाल ठिपके उठले होते, ते डॉक्टर रोज संध्याकाळी स्पिरिटने पुसत.

चौथ्या दिवशी पेरूवर कोणी गायले नाही. पुन्हा कधीच नाही.

वरून ताई हे बघत होत्या. त्यांनी डाव्या हाताने चौकटीवर थापा मारल्या होत्या. डॉक्टरांनी वर बघून हात हलवला. त्यांना वाटले, ताई शाबासकी देत आहेत.

मग बुलबुल आले. जास्वंदीत, छातीएवढ्या उंचीवर, पानांच्या दाट जाळीत त्यांनी वाटीएवढे घरटे विणले. तीन अंडी, मग तीन पिले. डॉक्टरांनी दातांची छोटी कात्री आणली आणि रोज दवाखान्याआधी थोडी थोडी पाने छाटायला सुरुवात केली. उजेड हवा होता.

वहिनी कामाला निघताना थबकली. ती एका शाळेच्या कचेरीत होती. "अहो, ऊन लागेल ना पिलांना."

"दहा मिनिटांचं काम आहे. मग फांदी परत झाकतो."

"छाटलेली फांदी कशी झाकणार?"

"तुला उशीर होतोय," डॉक्टर हसून म्हणाले. वहिनी गेली. तिला खरेच उशीर होत होता.

पिले दहा दिवसांची झाली. अंगावर पिसे आली होती, पण पंखांत बळ नव्हते. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पेरूची एक सुंदर, सरळ, साल सुटलेली फांदी कापून आणली आणि ती एका स्टँडला चिमट्याने आवळली. मागे हिरवा अंधार येईल अशी जागा निवडली. मला तिवईवर चढवले. मग दवाखान्यातले हातमोजे घालून त्यांनी एकेक पिलू घरट्यातून उचलले आणि फांदीवर ओळीने बसवले. मोठे, मधले, धाकटे. पहिली दोन भेदरून घट्ट बसली. धाकट्याला तोल सावरेना. ते दोनदा घसरून खाली पडले. डॉक्टरांनी ते दोन्ही वेळा अलगद उचलले, मग खिशातून दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याची डबी काढली. हिरवट, मेण लावलेला, केसासारखा बारीक दोरा. त्यांनी तो पिलाच्या पायाला दोन वेढे देऊन फांदीला बांधला आणि गाठ मागच्या बाजूला घेतली, म्हणजे मला दिसू नये.

गाठ दिसली नाही, दोरा दिसला. माझ्या बाजूने दोऱ्याचा नखाएवढा तुकडा दिसत होता.

मित्रांनो, कॅमेऱ्याला मान वळवता येत नाही. कळ दाबली की मी बघतो आणि ठेवतो. तेवढेच मला येते. चार मिनिटांत आई आली, चोचीत हिरवी अळी घेऊन. घरटे रिकामे बघून ती गांगरली, पण पिलांनी ओरडून चोची उघडल्या आणि ती तिकडे गेली. अर्धे उघडे पंख, मागून येणारे कोवळे ऊन, तीन लालचुटूक तोंडे. मी एकेचाळीस वेळा टिपले. डॉक्टरांनी माझ्या पाठीवरच्या पडद्यावर बघितले आणि ते खरोखर, अगदी मनापासून आनंदले. "सुंदर," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात दवाखान्याची घंटा वाजली. कोणाची तरी दाढ सुजली होती. "आलो," म्हणून डॉक्टर गेले. त्या माणसामागून दुसरा आला, दुसऱ्यामागून तिसरी. माझी तोंडावरची टोपी काढलेलीच होती. मी तिवईवर तसाच उभा राहिलो, नळी त्या फांदीवर रोखलेली. त्यानंतरचा एकही फोटो नाही. जे आता सांगतो, ते फक्त मी आणि वरच्या खिडकीतून ताईंनी पाहिले.

पहिल्या पिलाला कावळ्याने उचलले. कावळा घाईत नव्हता. आधी तो भिंतीवर बसून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मी काही करत नाही हे कळल्यावर आला. आई-बापाने त्याच्या पाठीवर चोची मारल्या. त्याने ते अंगाला लावूनसुद्धा घेतले नाही. या झटापटीत मधले पिलू खाली गवतात पडले. तिथून ते बराच वेळ हाका मारत होते. मग शेजारची मांजर भिंतीवरून उतरली आणि हाका थांबल्या.

धाकट्याने उडायचा प्रयत्न केला. दोरा ताणला गेला आणि ते उलटे लटकले. पंख फडफडवून ते पुन्हा वर चढले. पुन्हा लटकले. असे किती वेळा झाले ते मी मोजले होते, पण तो आकडा मला सांगवत नाही. ऊन चढले. पाने छाटलेली होती, सावली कुठून येणार? दुपारी त्याला वर चढता येईना. आई अळी घेऊन आली. लटकलेल्या तोंडापर्यंत पोचण्यासाठी ती हवेत पंख मारत थांबायचा प्रयत्न करी. बुलबुलाला तसे उडता येत नाही. ती पडे, पुन्हा येई. मग स्टँडच्या काठीवरून मुंग्यांची रांग वर आली.

आई त्यानंतरही येत राहिली. शेवटच्या वेळी तिने एक पिकलेले फळ आणले होते. ते तिने फांदीवर ठेवले, थोडा वेळ शेजारी बसली आणि निघून गेली.

वर ताई चमच्याने खिडकीच्या काचेवर मारत होत्या. सकाळपासून. त्यांच्या घशातून एक आवाज निघत होता, तो मला बागेत ऐकू येत होता. मावशीने, हे मी नंतर तिच्याच तोंडून ऐकले, कानातली वायर काढली. "काय झालं ताई? तहान लागली?" तिने पाणी पाजले. ताईंनी ते थुंकले. चमचा पुन्हा काचेवर. "ऊन लागतंय होय डोळ्यांवर? मग तसं सांगायचं ना," असे म्हणून मावशीने पडदा ओढून घेतला. मावशी वाईट नव्हती. तिला वाटले ते तिने केले. चमच्याचा आवाज पडद्यामागून आणखी तासभर येत होता.

डॉक्टर संध्याकाळी पाचला आले. फांदीकडे बघून ते "अरेच्चा" म्हणाले. कपाळाला हात लावला. त्यांना वाईट वाटले, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी कात्रीने दोरा कापला, पिलू टिशू कागदात गुंडाळले आणि दवाखान्यातल्या वापरलेल्या कापसाच्या डब्यात टाकले. हात कोपरापर्यंत धुतले. माझी काच मऊ फडक्याने पुसली. आणि मला घेऊन ते वर गेले, ताईंना फोटो दाखवायला.

"बघ ताई. तुझ्याच कॅमेऱ्यातला आहे."

ताईंनी माझ्या पाठीवरच्या पडद्यावर बघितले. मग शेजारच्या टेबलावरचा पेजेचा वाडगा डाव्या हाताने उचलून भावाच्या तोंडावर फेकला.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते रागावले नाहीत. फक्त वहिनीला म्हणाले, "ताईच्या डोक्यावर परिणाम व्हायला लागलाय. दिवसभर खिडकीत बसून बसून ती चिडते. तिला शांत जागा हवी."

दुसऱ्याच दिवशी ताईंना पुढच्या अडगळीच्या खोलीत हलवले. त्या खोलीलाही खिडकी होती. ती उघडली की हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत. मागच्या मोठ्या खोलीत डॉक्टरांचा कॉम्प्युटर आणि फोटो छापायचे यंत्र आले. अडगळीची खोली कोरडी होती, म्हणून मला मात्र तिथल्याच काचेच्या कपाटात ठेवत. ताई पलंगावर, मी समोर. आम्ही दिवसभर एकमेकांकडे बघत असू. त्यांची नजर चुकवायला मला झाकण तेवढे होते. ते लावणारे हात माझे नव्हते.

पावसाळ्यानंतर मंडळाचे प्रदर्शन झाले. फोटोचे नाव होते 'माया'. पहिला क्रमांक. डॉक्टरांनी त्याच्या दोन मोठ्या प्रती चौकटीत बसवून आणल्या. एक दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीसमोर लावली. दुसरी ताईंच्या पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीवर.

"आता तुला खिडकीची गरजच नाही," ते म्हणाले. "पक्षी कायम समोर."

ताईंना मान फिरवता येत होती, पण फार वेळ नाही. सकाळी डोळे उघडले की समोर तो फोटो, रात्री दिवा मालवेपर्यंत तो फोटो. पंधरा दिवसांनी त्यांनी बोलायचा प्रयत्न सुरू केला. "दो," त्या म्हणत. "दो... दो..."

"दोन?" मावशी विचारी. "दोन काय? दोन उश्या देऊ?" तिने दोन उश्या दिल्या. दोन चादरी दिल्या. एकदा दोन बिस्किटे दिली. ताई डोळे मिटून घेत आणि गालांवरून पाणी येई.

एका रविवारी वहिनी त्यांचे केस विंचरत होती. ताईंनी तिचे मनगट पकडले आणि भिंतीकडे बोट केले. "दो... रा."

"दोरा? शिवायचा दोरा?" वहिनीने इकडेतिकडे बघितले. बोट भिंतीवरच होते. ती फोटोजवळ गेली. मग खुर्ची ओढून वर चढली आणि नाक काचेला लागेपर्यंत वाकली. बराच वेळ ती तशीच होती. खाली उतरली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. ती खाली गेली आणि दवाखान्याच्या खणातली दोऱ्याची डबी घेऊन आली. हातभर दोरा ओढून तिने तो फोटोतल्या तिसऱ्या पिलाच्या पायाशी धरला. तोच हिरवट रंग.

डॉक्टर मला न्यायला आले तेव्हा वहिनी पलंगावर बसलेली होती.

"धाकट्याला बांधलं होतं तुम्ही?"

"पडत होतं ते. आधार दिला."

"आणि मग सोडलंत?"

डॉक्टर कपाटाची किल्ली शोधत होते. "पेशंट आला होता," ते म्हणाले.

"संध्याकाळपर्यंत?"

"अगं, विसरलो. माणूस विसरतो. आणि ती पिलं तशीही अर्धीच जगतात." ताईंकडे न बघता त्यांनी मला उचलले आणि ते गेले.

वहिनी दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेली. परत येऊन तिने ताईंना सगळे सांगितले, तेव्हा मी कपाटात होतो. अध्यक्षांनी तिला चहा दिला. सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "वहिनी, फोटो उत्तम आहे. आणि थोडंफार सगळेच करतात. आता घरातली गोष्ट बाहेर कशाला?" जाताना त्यांनी विचारले की हा फोटो मंडळाच्या कॅलेंडरला वापरला तर डॉक्टरांची हरकत नाही ना.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "तुम्ही वरून काच बडवत होतात आणि मी त्या दिवशी कचेरीत बसून पाकिटं चिकटवत होते."  ताईंनी डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

पुढच्या मोसमात शिंपी पक्ष्याने लिंबाच्या झाडावर दोन पाने शिवून घरटे केले. डॉक्टरांना ते कधी सापडले ते मला माहीत नाही, पण एका सकाळी मला तिवईवर चढवून ते आंघोळीला गेले. तिवई मागच्या मोठ्या खोलीत, खिडकीशी उभी होती. खाली नेण्याआधी ते मला तिथे तयार करत. शेजारी टेबलावर छोटी कात्री, हातमोजे आणि दोऱ्याची नवी डबी.

वहिनी आत आली. तिने डबी बघितली. मग तिने मावशीला हाक मारली आणि दोघींनी ताईंची खुर्ची ढकलत त्या खोलीत आणली. सवा वर्षानंतर ताईंनी ती खिडकी बघितली. वहिनीने मला तिवईवरून काढले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले.

"तुमचाच आहे, वन्सं," ती म्हणाली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

ताईंनी मला डाव्या हाताने उचलले. मी जड आहे.  त्यांनी डोळा लावला. लिंबाच्या पानांत शिंपिणीची शेपटी हलत होती, ती आम्हा दोघांना दिसली. त्यांनी कळ दाबली नाही. मग त्यांनी मला चौकटीवर टेकवले. माझा पट्टा त्यांच्या मनगटात अडकला होता. तो दातांनी ओढून सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. त्या वेळात मला सगळे कळून चुकले. मला भीती वाटली, खोटे कशाला सांगू? याच हाताने मला कधी धूळ बसू दिली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी राग नव्हता. भावापुढे त्यांचे काही चालत नव्हते, माझ्यावर चालत होते, एवढेच. त्यांनी मला पुढे ढकलले.

खाली फरशी होती.

डॉक्टर टॉवेल गुंडाळून धावत आले. खिडकीतून वाकून त्यांनी खाली बघितले. "हात लुळा आहे तिचा. तिच्या हातात कोणी दिला? पडणारच ना."

"पडला नाही," वहिनी म्हणाली. "त्यांनी टाकला. मी दिला होता."

"वेड लागलंय का तुम्हा दोघींना? मी नवीन आणेन."

"आणा," वहिनी म्हणाली. "तोही मी यांच्याच हातात देईन."

 डॉक्टर तिच्याशी भांडले नाहीत. त्यांनी ताईंशी बोलणे बंद केले, ते कायमचे. ताई आपल्या खोलीत परत आल्या, कारण वहिनीने कॉम्प्युटर जिन्यात नेऊन ठेवला. शिंप्याची पिले उडाली असे मी ऐकले. मी तेव्हा स्वयंपाकघरातल्या फडताळात होतो, फुटक्या काचेनिशी, भिंतीकडे तोंड करून.

थंडी संपता संपता ताई गेल्या. भेटायला येणाऱ्यांना त्यांची काही आठवण द्यावी म्हणून डॉक्टरांनी कार्डे छापून घेतली. वर लिहिले होते, 'ताईंना पक्षी फार प्रिय होते'. खाली फोटो. आई, तीन पिले, मागून येणारे कोवळे ऊन. 'माया'. लोकांनी ती कार्डे हातात घेऊन डोळे पुसले. डॉक्टरही रडले. त्यांचे रडणे खरे होते.

नंतर वहिनीने मला एका दुरुस्तीवाल्याकडे दिले. त्याने मला उघडून बघितले आणि सांगितले, "याचे सुटे भाग कामाला येतील, हा नाही येणार." माझे तीन स्क्रू आणि एक पट्टी आता दुसऱ्या कॅमेऱ्यांत आहेत. उरलेला मी त्याच्या कपाटात आहे. माझ्या पिशवीत वहिनीने ठेवलेले एक कार्ड आहे. ते दुरुस्तीवाल्याला आवडले, म्हणून त्याने ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे. दार लावले की ते माझ्यासमोर येते.

मित्रांनो, माझ्या जातीचे खूप जण आता तुमच्या घरात, तुमच्या खिशातसुद्धा आहेत. आम्हाला जपा, ओलाव्यात ठेवू नका, काच पुसायला मऊ फडके घ्या. हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढेच सांगतो की आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. ते तुम्हाला म्हणावे लागेल. घरट्यापासून लांब राहा. जो पक्षी तुम्हाला पाठ दाखवतो, त्याची पाठच घ्या आणि घरी जा. आणि कधी दात दाखवायला दवाखान्यात गेलात, खुर्ची मागे झुकली, आणि गोड आवाजाचे डॉक्टर म्हणाले, "ते बघ, भिंतीवर पक्षी किती छान आहेत," तर तोंड उघडण्याआधी तिसऱ्या पिलाच्या पायाकडे नीट बघा. आणि जे दिसेल ते मोठ्याने बोला. तुम्हाला बोलता येते.